माळ्यावरची ट्रंक उतरवताना

पितृपंधरवडा सरत आला की उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधील गल्ल्यांतून एक ठरलेले दृश्य दिसू लागते. दारात स्टूल, स्टुलावर घरातला सर्वांत उंच मुलगा आणि त्याने माळ्यावरून खाली दिलेल्या वस्तू झेलायला उभी असलेली त्याची आई. गाद्या गच्चीवर जातात, पितळेचे डबे नळापाशी जातात आणि ज्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नाही असे सारे सामान तात्पुरते ओट्यावर येऊन बसते. रद्दीवाल्याच्या आणि भंगारवाल्याच्या फेऱ्या या दिवसांत वाढतात. त्यांनाही पंचांग कळते. घटस्थापनेपूर्वी घर झाडून घ्यायचे, लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचे आणि काही घरांत त्याच रात्री सूप वाजवीत अलक्ष्मीला दाराबाहेर घालवायचे, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. सिंधी शेजाऱ्यांकडेही दिवाळीपूर्वीची धांदल याहून फारशी निराळी नसते.

तरीही पुढच्या वर्षी माळा तितकाच भरलेला आढळतो. याचे कारण साधे आहे. धूळ काढणे आणि पसारा कमी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला अंगमेहनत लागते, दुसऱ्याला निर्णय. आणि निर्णयाची वेळ नेमकी येते ती संध्याकाळी, सारे थकलेले असताना, जेव्हा ओट्यावरचे सामान रात्रीपूर्वी आत घ्यायचे असते. मग एक तर सगळे पुसून पुन्हा वर जाते, किंवा वैतागाने एखादी पिशवी न उघडताच रद्दीवाल्याच्या तराजूत पडते. त्या पिशवीत काय होते, हे तीन-चार वर्षांनी एखाद्या कचेरीच्या खिडकीपुढे उभे राहिल्यावर कळते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या पिशवीविषयी आहे.

या घरांत सामान इतके का साचते, याचे उत्तर आळस हे नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराचा तळ होता आणि त्यात दोन हजारांवर बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. तळाचे पाच भाग मात्र नावांत राहून गेले. आजही येथील माणूस पत्ता सांगताना रस्त्याचे नाव नंतर सांगतो. आधी कॅम्पचा आकडा आणि बराकीचा क्रमांक. एका लांबट बराकीत अनेक कुटुंबे आणि त्यांच्यामध्ये गोणपाटाचे किंवा चादरींचे पडदे, अशी येथील संसारांची सुरुवात झाली. पुढे पडद्यांच्या भिंती झाल्या, भिंतींना माळे आले, माळ्यांचे मजले झाले. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या शहरात २०११ च्या जनगणनेने ५ लाख ६ हजार माणसे मोजली. खोली वाढण्याची दिशा एकच उरली, वरची. आणि खोलीतल्या वस्तूंचीही तीच.

ज्या पिढीने राहत्या घराला कुलूप घालून, हाती लागेल तेवढे उचलून कराचीहून बोट गाठली, तिला रिकामा डबाही टाकवत नसे. त्यांच्यानंतर अंबरनाथच्या आयुधनिर्माणीत, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये किंवा आसपासच्या कारखान्यांत कामाला लागलेली मराठी कुटुंबेही एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी घेऊनच गावाहून निघाली होती. दोन्ही घरांतल्या आज्या एकाच मापाच्या. दोरा संपला तरी रीळ ठेवायचे, साडी विरली तरी गोधडीसाठी ठेवायची, तुटलेल्या छत्रीच्या काड्या 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवायच्या. त्या काळात त्या खरोखरच लागत. काळ बदलला, सवय घरात राहिली आणि तिच्या जोडीला स्वस्त प्लास्टिक, हप्त्यावरची यंत्रे आणि प्रत्येक लग्नात परत मिळणारे स्टीलचे डबे आले.

त्यात कॅम्प पाचचे घर हे केवळ घर नसते. जीन्स शिवण्याचा धंदा या भागात घरोघर पोहोचलेला आहे. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे सकाळी येतात, शिवून किंवा दोरे काढून संध्याकाळी जातात. दिवसा जिथे शिलाईयंत्र चालते तिथेच रात्री अंथरूण पडते. पाहुण्याला हा पसारा वाटतो, पण ती त्या घराची रोजी असते. शहराला स्वतःचा जलस्रोत नाही. पाणी औद्योगिक विकास महामंडळाकडून येते आणि ते वेळेवर येईलच असे नसते, म्हणून मोरीत व दारात पिंपे. ही पिंपेही कोणी हौसेने ठेवलेली नाहीत. तेव्हा 'जे नेहमी लागत नाही ते काढून टाका' हा सरसकट उपदेश येथे अपुरा पडतो.

असे उपदेश अलीकडे पुष्कळ मिळतात. जपानच्या मारी कोन्दो यांचे घर आवरण्यावरील पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आले आणि जगभर गाजले. एका प्रकारच्या साऱ्या वस्तू एकत्र ढीग करून मांडायच्या, एकेक हातात घ्यायची, जी आनंद देईल ती ठेवायची, बाकीच्यांचे आभार मानून त्यांना निरोप द्यायचा, अशी ती रीत. बाईंचा एक आग्रह निश्चितच मोलाचा आहे: आठवणींच्या वस्तूंना हात सर्वांत शेवटी लावायचा, कारण तिथे मन अडकते आणि दिवस संपतो. परंतु दहा बाय बाराच्या खोलीत ढीग मांडायचा कुठे? आणि शिधापत्रिका कोणाला आनंद देते? कागदांविषयी तर त्यांचा सल्ला जवळजवळ सगळेच टाकून द्या, असा आहे. ज्या देशात सरकारी दप्तरात नागरिकाची नोंद नीट सापडते तिथे तो शोभेल. आपल्याकडे आपण कोण, कुठले आणि या खोलीत केव्हापासून राहतो हे सिद्ध करण्याचा भार नागरिकावरच असतो, आणि तो भार वाहायला लागणारा कागद बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत असतो.

म्हणून येथे क्रम उलटा धरावा, असे मला वाटते. टाकण्यापासून सुरुवात करू नये, शोधण्यापासून करावी.

जागेचेच उदाहरण घेऊ. निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी केंद्राने १९५४ मध्ये विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) कायदा केला आणि त्याखाली उल्हासनगरमधील बराकींतील खोल्या व भूखंड यांच्या सनदा देण्यात आल्या. तो कायदा २००५ मध्ये रद्द झाला, तरी त्याखाली मिळालेली सनद ही आजही मालकीच्या साखळीतील पहिली कडी होय. पुढे खोल्या हातोहात विकल्या गेल्या. कोणी नोंदणीकृत खरेदीखत केले, तर कोणी नुसता मुद्रांकावर करार. २००६ मध्ये राज्याने उल्हासनगरमधील अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी खास कायदा केला, पण कायदा कोणताही असो, अर्जाबरोबर कागद मागितलेच जातात. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की आधीच्या मालकापासून आपल्यापर्यंतची प्रत्येक कडी दाखवावी लागते. मधली एक जरी हरवली असेल, तरी शेजाऱ्याला नवी जागा मिळते आणि आपण वकिलाकडे जातो.

ज्यांची वस्ती झोपडपट्टीत मोडते त्यांच्यासाठी तर जुने विजेचे बिल हेच सनदेसारखे. राज्याच्या धोरणात १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्याला संरक्षण व विनामूल्य पुनर्वसन, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या रहिवाशाला सशुल्क पुनर्वसन, अशी तारखांची रेषा आखली गेली. त्या रेषेच्या अलीकडे आपण होतो हे सांगायला मतदारयादीतील नाव, शिधापत्रिका, कराची पावती आणि विद्युत मंडळाची पिवळी पडलेली बिले उपयोगी पडतात. मागच्या महिन्याचे बिल टाकले तर त्याची प्रत पुन्हा मिळेल. १९९९ चे बिल टाकले तर ती मिळणे फार कठीण. आपण मात्र नेमके जुने टाकतो आणि नवे जपतो.

याहून जिव्हाळ्याचा विषय जातीच्या दाखल्याचा. महाराष्ट्रात जात पडताळणी करताना अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक निर्णायक मानले जातात, आणि त्यापूर्वीच्या कागदाला मोठे वजन असते. म्हणजेच नातवाच्या प्रवेशासाठी पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, किंवा गावच्या कोतवाल बुकातील जन्माच्या नोंदीची नक्कल. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. पन्नास वर्षे ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्या कागदांना एकाएकी भाव आला.

माझ्या परिचयातील एका घरी, कॅम्प पाचमध्येच, साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी दोन वर्षे 'रद्दीची' म्हणून दारामागे लटकत होती. तीत जुन्या लग्नपत्रिका, बंद पडलेल्या पतपेढीचे पासबुक, रेशनच्या दुकानाच्या पावत्या, आणि आठ घड्या घातलेला एक कागद होता. तो सासऱ्यांचा १९४९ सालचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला. घरातल्या मुलाची पडताळणी तेव्हा पुराव्याअभावी अडलेली होती. पिशवी रद्दीत का गेली नाही, याचे कारण एवढेच की रद्दीवाला त्या आठवड्यात आला नव्हता.

सिंधी घरांतील अडचण आणखी वेगळी. तेथील जुने कागद, पत्रे, हिशेबाच्या वह्या अरबी वळणाच्या सिंधी लिपीत असतात. सिंधी भाषेचा १० एप्रिल १९६७ रोजी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, पण ती कोणत्या लिपीत लिहावी हा वाद भारतात कायम राहिला आणि मुले देवनागरी किंवा इंग्रजी शिकत मोठी झाली. आजोबांनी लिहिलेले नातवाला वाचता येत नाही. वाचता न येणारा कागद रद्दी वाटतो, हे ओघानेच आले. मराठी घरांत हेच मोडीचे झाले आहे. गावाकडच्या जमिनीचा मोडी कागद 'काहीतरी जुनी चोपडी' म्हणून विकला गेल्याच्या हकिकती आपण सर्वांनीच ऐकल्या आहेत. तेव्हा नियम असा ठेवावा: जो कागद घरातल्या कोणालाच वाचता येत नाही, तो कोणत्याही परिस्थितीत त्या दिवशी घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. ती लिपी वाचणारे एखादे वयस्क गृहस्थ अजून शेजारात असतील. ते आहेत तोवर वाचून घ्यावा आणि पाठीमागे चिठ्ठी जोडून तो कशाचा आहे ते लिहून ठेवावे.

पैशांच्या कागदांबाबत थोडक्यात सांगतो. दहा वर्षे व्यवहार न झालेली बँकेतील ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. शेअर्सवरील लाभांश सलग सात वर्षे कोणी मागितला नाही तर शेअर्सही सरकारी निधीकडे जातात. तेही परत मागता येतात. म्हणून जुने पासबुक किंवा शेअरचे कागदी प्रमाणपत्र मिळाले तर आधी चौकशी, मग निकाल. प्राप्तिकराचे कागद सात-आठ वर्षे ठेवले की पुरे. हमीची मुदत संपलेल्या यंत्रांची कार्डे, बाजारातल्या पावत्या, मागच्या दशकातील मोबाइलची बिले, सोसायटीच्या सभांच्या सूचना हे सारे मात्र निःशंकपणे जाऊ द्यावे. खरे तर घरातील कागदांचा मोठा भाग असाच असतो. मोलाचे कागद एका फाइलीत मावतात. ते इतरांत मिसळलेले असतात, इतकेच.

आता प्रत्यक्ष काम. लहान घरात ते एका दिवसात करू नये, हे पहिले. एका दिवशी एक ट्रंक, किंवा एक फळी, किंवा पलंगाखालचा एक खण. जे उतरवले त्याचा निकाल त्याच दिवशी लागलाच पाहिजे, कारण रात्री अंथरायला जागा हवी असते. त्यासाठी सकाळी काम धरावे. दुपारच्या पाण्याची वेळ असेल तर ती टाळून. तीन गोण्या जवळ घ्याव्यात. एकीत जायचे ते, दुसरीत द्यायचे ते, तिसरीत जागा चुकलेले. कागद कोणत्याच गोणीत नाहीत. कागदांसाठी वेगळा पुठ्ठ्याचा खोका, आणि तो घरातल्या एकाच माणसाने, बसून, चष्मा लावून पाहायचा. ज्यांचा निर्णय होत नाही अशा वस्तूंसाठी एक पिशवी ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर तारीख घालावी. पुढच्या पाडव्यापर्यंत ती उघडावी लागली नाही तर तिचे उत्तर मिळाले.

जागा वस्तूंच्या नावाने नव्हे, तर वापराच्या वारंवारतेने वाटावी. रोज लागणारे खांद्याच्या व कमरेच्या मधल्या उंचीवर. सणावारी लागणारे वर. वर्षातून एकदाही न लागणारे का ठेवले, हा प्रश्न विचारूनच वर. शिवणकामाच्या घरात कामाची हद्द आखून घ्यावी. कापडाचे गठ्ठे अमुक भिंतीपासून अमुक कपाटापर्यंतच, दाराच्या वाटेवर कधीही नाहीत. सुती कापड आणि दोऱ्यांची फुसकी पटकन पेट घेतात, आणि अशा खोलीला बाहेर पडायची वाट बहुधा एकच असते. जिन्याखाली विजेचे मीटर असतील तर तेथे एकही गठ्ठा नको.

सर्वांत नाजूक प्रश्न वडीलधाऱ्यांच्या वस्तूंचा. सून किंवा मुलगा दुपारी, आजी देवळात गेल्या असता, त्यांची ट्रंक 'साफ' करतात, असे घडते. हेतू चांगला असतो; पण आजींना कळल्यावाचून राहत नाही आणि त्या दिवसापासून त्या जास्तच लपवू लागतात. ज्यांनी एकदा सर्वस्व मागे टाकले, त्यांच्या हातून वस्तू काढून घेणे म्हणजे ती जखम पुन्हा उघडणे. त्याऐवजी शेजारी बसून 'ही कोणाची?' एवढे विचारावे. गोष्ट सांगून झाली की बऱ्याचदा वस्तू देण्याची तयारी आपोआप होते, कारण वस्तू गोष्टीसाठीच जपलेली असते. गोष्ट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवता येते. त्याला जागा लागत नाही. आणि तरीही एखादी फुटकी फणी टाकायची नाही असे त्यांनी ठरवले तर ती ठेवावी. एका फणीने घर भरत नाही.

माळा रिकामा करण्याचा एक उपयोग असा आहे, जो सफाईच्या पुस्तकांत लिहिलेला नसतो. माळा रिकामा झाला की वरच्या स्लॅबचा तळ दिसतो. उल्हासनगरला ही गोष्ट क्षुल्लक नाही. २८ मे २०२१ रोजी कॅम्प दोनमधील साई सिद्धी इमारतीचा स्लॅब कोसळून सात जणांचा मृत्यू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२२ रोजी कॅम्प पाचमधील मानस टॉवरमध्ये तशाच दुर्घटनेत चार जण दगावले. अशा इमारतींच्या ऱ्हासाचे मूळ बांधकामाच्या दर्जात आणि वर्षानुवर्षांच्या गळतीत असते. घरातील सामानाला त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. पण सामान ती गळती झाकते, हे खरे. पाणी मुरले की काँक्रीटमधील सळई गंजते, गंज फुगतो, काँक्रीटला तडा जातो आणि गिलावा पोपडे होऊन सुटतो. ही लक्षणे वर्षे आधी दिसू शकतात, पण ज्या कोपऱ्यात ती दिसतात तिथे आपण गाद्या रचलेल्या असतात. माळा उतरवलात की विजेरी घेऊन वर पाहा. तपकिरी रेषा, फुगलेला गिलावा, उघडी सळई यांपैकी काहीही दिसले तर सामान परत चढवू नका. रंगाऱ्याला नव्हे, संरचना अभियंत्याला बोलवा.

वजनाचाही थोडा विचार हवा. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानकांत जमिनीवरील वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला असतो. पाचशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन, आणि तोही चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. घट्ट रचलेली रद्दी घनफुटाला पंधरा-वीस किलो भरते. छतापर्यंत रचलेला वर्तमानपत्रांचा कोपरा एखाद्या यंत्राइतका जड होतो. (वर्तमानपत्रातच हे लिहायचे म्हणजे थोडे अवघड, पण वाचून झालेला अंक विकावा हेच बरे.) जड वस्तू खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतींलगत, तुळईच्या जवळ ठेवाव्यात. माळ्यावर जड काहीच नको.

पाण्याच्या पिंपांबाबत एवढेच की ती आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून आतून घासावीत. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. गच्चीवरचे टायर, फुटक्या कुंड्या, रंगाचे रिकामे डबे मात्र ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मग हे सारे जाते कुठे? पूर्वी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दुपारी दारात बसे आणि एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चाले. ती आता क्वचित दिसते. तिच्यामुळे कपडा पुन्हा बाजारात जाऊन कोणाच्या तरी अंगावर चढत असे. रद्दी, लोखंड, पितळ, बाटल्या यांना आजही भाव आहे, आणि भंगारवाल्याकडे गेलेली वस्तू बहुधा पुन्हा वापरात येते. प्रश्न उरतो तो कोणीच न घेणाऱ्यांचा: फाटक्या फोमच्या गाद्या, थर्माकोल, मिश्र प्लास्टिक, चिंध्या. म्हारळजवळचे जुने क्षेपणस्थळ भरल्यानंतर शहराचा कचरा कॅम्प पाचमधील खदाणीच्या जागेकडे वळवण्यात आला, आणि तेथील धूर व दुर्गंधी यांविरुद्ध रहिवाशांनी वारंवार आंदोलने केली. म्हणजे पाच नंबरातील माणसाने घराबाहेर टाकलेली गादी फार लांब गेली नाही. तिचा धूर वाऱ्यावर त्याच्याच खिडकीतून आत आला. वर्गीकरणाचे महत्त्व त्याला वेगळे सांगण्याची गरज नसावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. माळ्यावरून हमखास निघणारे मुदत संपलेले औषध, जुन्या बॅटऱ्या, पाऱ्याचे तापमापक, नळीचे दिवे हे या तिसऱ्या वर्गातले, आणि ते चिंध्यांबरोबर एका गोणीत जाता कामा नयेत. जुने मोबाइल, चार्जर, बिघडलेला मिक्सर हा ई-कचरा. तो नोंदणीकृत संकलकाकडे द्यावा. तारा जाळून तांबे काढणाऱ्याकडे नव्हे.

राहिला तो कागदांचा खोका. आपल्याकडे कागद जपण्याची परंपरा मोठी आहे. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे कागद हजारो रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. घरासाठीही सुती कापडाचा रुमाल उत्तमच: कागदाला हवा लागते आणि धूळ लागत नाही. जुन्या कागदाला लॅमिनेशन मुळीच करू नये. उष्णतेने व गोंदाने तो कायमचा बिघडतो आणि पुढे तपासणीसाठी प्लास्टिकमधून सोडवता येत नाही. घड्यांवर फाटत असेल तर उलगडून सपाट ठेवावा, चिकटपट्टी लावू नये. टाचण्या व पिना काढून टाकाव्यात, त्या गंजतात. कसर आणि वाळवी यांसाठी वर्षातून दोनदा उघडून पाहणे हाच खरा उपाय. प्रत्येक मोलाच्या कागदाचे छायाचित्र घरातील दोन फोनांत असावे; मूळ हरवले तर क्रमांक आणि तारीख तरी हाती राहतात.

ठेवायचे कुठे, याचे उत्तर २६ जुलै २००५ ला अनेकांना मिळाले. त्या दिवशी उल्हास आणि वालधुनी यांच्या काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, 'सुरक्षित' म्हणून ठेवलेल्या फाइली लगदा झाल्या. माळ्यावर ठेवावे तर तेथे छत गळते आणि उन्हाळ्यात पत्रा तापतो. कपाटाचा वरचा किंवा मधला खण, भिंतीला टेकलेला नव्हे, आणि रुमालावर एक प्लास्टिकची पिशवी, पावसाळ्यापुरती. भिजलेच तर उन्हात टाकू नयेत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, मध्ये कोरा कागद घालून वाळवावेत.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत नजरेआड होते. कोणती वस्तू कुठे आहे याची सारी अनुक्रमणिका घरातील एकाच बाईच्या डोक्यात असते. 'अगं, ते कुठे आहे?' या प्रश्नावर घर चालते. ती चार दिवस रुग्णालयात गेली की विम्याचा कागद कोणाला सापडत नाही, आणि तो तिच्याच उपचारांसाठी हवा असतो. म्हणून आवरून झाल्यावर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहावे: सनद व खरेदीखते, दाखले, शिधापत्रिका, पासबुके, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येकापुढे त्याचा खण. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. लिहिण्याचे काम तिने करावे, पण वस्तू जागच्या जागी परत ठेवण्याचे इतरांनी. स्टुलावर चढणाऱ्या मुलाला उतरवलेले सामान लावायलाही बोलवावे. बहुतेक घरांत तो तोवर पसार झालेला असतो.

पत्र्याची ट्रंक मात्र भंगारात देऊ नये. तिचा पत्रा आताच्या कपाटांपेक्षा जाड असतो आणि झाकण अजून नीट बसते. आतून पुसून, एक दिवस ऊन दाखवून तिच्यात गोधड्या घालाव्यात आणि पलंगाखाली दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते आणि फरशी पुसताना पाणी लागत नाही.